पितळेचा सांधा

रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलीकडे आता कोणी वळून पाहत नाही. दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या लटकावून, मागे गवताचा भारा बांधून आणि वर स्वतःचे वजन टाकून एखादा गवळी खाचखळग्यांतून सायकल हाकीत असतो, तेव्हा तिच्या सांगाड्यातील नळ्या एकमेकींना कशाने धरून राहिल्या आहेत, हा प्रश्न त्यालाही पडत नाही आणि पाहणाऱ्यालाही पडत नाही. त्या जुन्या घडणीच्या काळ्या सायकलीचा रंग खरवडला, तर जेथे एक नळी दुसरीला भेटते तेथे एक पोलादी खोबण दिसेल आणि खोबणीच्या काठाशी सोनेरी रंगाची बारीकशी रेघ दिसेल. ही रेघ पितळेची. खोबण आणि नळी यांच्यामध्ये कागदाच्या जाडीचा पितळेचा पापुद्रा पसरलेला असतो आणि त्या पापुद्र्यावर माणसाचा जीव विसंबलेला असतो. पुढच्या चिमट्याचा सांधा उताराला निखळला तर स्वाराला हात पुढे करावयासही वेळ मिळत नाही.

दोन लोखंडी भाग जोडावयाचे म्हटले की आजकाल वेल्डिंग हाच एक शब्द तोंडी येतो. खिडकीचे गज असोत, जिन्याचा कठडा असो, की हौसेने बनविलेली सामानाची छोटी गाडी असो, कोपऱ्यावरच्या दुकानात निळा लखलखाट झाला की काम झाले, अशी समजूत आहे. परंतु वेल्डिंग व ब्रेझिंग या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत आणि त्यांतील भेद मुळातला आहे. वेल्डिंगमध्ये जोडावयाच्या दोन्ही भागांच्या कडा स्वतः वितळतात, एकमेकींत मिसळतात आणि थिजल्यावर एकजीव होतात. ब्रेझिंगमध्ये मूळचे भाग वितळतच नाहीत. ते केवळ तापून लाल होतात. वितळतो तो तिसराच, परका धातू. तो दोहोंमधील फटीत शिरतो, दोन्ही पृष्ठांना चिकटतो आणि थिजतो. पोलाद वितळावयास सुमारे १५०० अंश सेल्सियस उष्णता लागते. पितळ ९०० अंशांच्या आसपास पाणी होते आणि चांदी मिसळलेले काही मिश्रधातू तर ६५० अंशांच्याही आत. या पाचसहाशे अथवा आठनऊशे अंशांच्या अंतरातच ब्रेझिंगचे सारे सामर्थ्य आणि साऱ्या मर्यादा साठविलेल्या आहेत. डाखाचा धातू ४५० अंशांच्या खाली वितळत असेल, तर त्या क्रियेला ब्रेझिंग न म्हणता साधे झाळणे म्हणावे, असा संकेत आहे. कथलाने डब्याला डाख देणे हे त्यातलेच.

ही विद्या आपल्याकडे परकी नाही. जुन्या घरातील एखादी तांब्याची घागर किंवा हंडा उजेडाकडे धरून निरखला, तर पुष्कळदा त्याच्या अंगावर दातेरी रेषा दिसते. पत्र्याच्या दोन्ही कडांना दाते कापून, ते एकमेकांत गुंतवून, वर पितळेच्या जातीचा डाख आणि टाकणखार घालून तांबट ती रेषा भट्टीवर जुळवीत असे. सोनाराच्या बागेसरीवर तर हेच काम रोज चालते. फुंकणी, दिवा, टाकणखार आणि सोन्याहून लवकर वितळणारा डाख एवढीच त्याची सामग्री. या टाकणखाराची म्हणजे सवागीची कथाही मोठी रंजक आहे. लडाखातील पुगाच्या उष्ण झऱ्यांपाशी आणि तिबेटातील सरोवरांच्या काठी तो सापडे आणि हिमालयाच्या घाटांतून खाली उतरून व्यापाऱ्यांच्या हातांनी युरोपपर्यंत पोहोचे. इंग्रजीत कच्च्या टाकणखाराला 'टिंकल' म्हणतात, त्याचे मूळ संस्कृतातील 'टंकण' या शब्दात आहे. म्हणजे पदार्थाबरोबर नावही घाट उतरून गेले.

टाकणखाराचे कार्य काय, हे समजले की ब्रेझिंग निम्मे समजले. तापलेल्या पोलादावर हवेतील प्राणवायूमुळे पाहता पाहता काळी पुटे चढतात. पुटे चढलेल्या पृष्ठावर वितळलेले पितळ पसरत नाही. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब जसा गोल होऊन घरंगळतो, तसे तेही गोळी होऊन घरंगळते. टाकणखार सुमारे ७४३ अंशांना वितळून काचेसारखा पातळ होतो, ही पुटे आपल्यात विरघळवून घेतो आणि खालच्या धातूवर पांघरूण घालून नवी पुटे चढू देत नाही. मग स्वच्छ, तप्त पोलादाला पितळाचा स्पर्श झाला की ते ओले झाल्यासारखे पसरते आणि अरुंद फटीत आपोआप ओढले जाते. दिव्याच्या वातीत तेल वर चढते ते ज्या केशाकर्षणाने, त्याच केशाकर्षणाने. फट जितकी अरुंद, तितकी ओढ अधिक. चांदीच्या डाखासाठी ही फट एका मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या हिश्शाइतकी असावी लागते. त्याहून रुंद झाली तर डाख मध्येच अडतो. नळी इतकी घट्ट बसली की फटच उरली नाही, तर त्याला शिरावयास वाट राहत नाही.

येथे एक शंका साहजिकच निघते. पितळ पोलादापेक्षा मऊ. मग पितळेने जोडलेला सांधा पोलादाइतका बळकट कसा असेल? याचे उत्तर धातूत शोधावयाचे नसून क्षेत्रफळात शोधावयाचे आहे. सायकलीच्या खालच्या नळीचा बाहेरचा व्यास बहुधा २८.६ मिलिमीटर असतो. तिच्या भिंतीची जाडी ०.९ मिलिमीटर धरली, तर नळी आडवी कापल्यावर दिसणाऱ्या पोलादी कड्याचे क्षेत्रफळ अवघे ७८ चौरस मिलिमीटर भरते. आता हीच नळी खोबणीत २५ मिलिमीटर खोल बसविली, तर पितळेने धरलेल्या पृष्ठाचे क्षेत्रफळ २२०० चौरस मिलिमीटरांहून अधिक होते. म्हणजे सुमारे २८ पट. पितळेची पकड पोलादाच्या निम्मीच काय, दशांश असली तरी नळी तुटेल, पण सांधा सुटणार नाही. मात्र हा हिशेब एक गोष्ट गृहीत धरतो. पितळ त्या साऱ्या पृष्ठावर खरोखर पोहोचलेले असले पाहिजे. वरून सोनेरी रेघ दिसते आणि आत अर्धी जागा कोरडीच आहे, असा सांधा हा या विद्येतला खरा दगाबाज.

सायकलीने ब्रेझिंगला जो मान मिळवून दिला तो दुसऱ्या कोणत्याही वस्तूने दिला नाही. १८८५ साली कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली यांनी 'रोव्हर' नावाची सुरक्षित सायकल पुढे आणली आणि पुढच्या थोड्याच वर्षांत सायकलीच्या सांगाड्याला आजचा चौकोनी, हिऱ्यासारखा आकार आला. त्या वेळी ॲसेटिलीनची फुंकणी अस्तित्वात नव्हती. ती विसाव्या शतकाच्या आरंभीची. विजेच्या ठिणगीने इतक्या पातळ नळ्या जोडणेही तेव्हा शक्य नव्हते. तेव्हा खोबणीत नळ्या बसवून, त्या हलू नयेत म्हणून बारीक खिळ्यांनी पक्क्या करून भट्टीत तापवावयाच्या आणि पितळ पाजावयाचे, हाच मार्ग होता. मोठ्या कारखान्यांत तर वितळलेल्या पितळेच्या कुंडीत सबंध सांधाच बुडवून काढण्याची पद्धत होती. १८९७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड मिलवर्ड रेनॉल्ड्स यांनी टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे एकस्व घेतले. ताण पडतो तो सांध्यापाशी. तेथे धातू ठेवावा आणि मधला भार कमी करावा, ही कल्पना साधी खरी, पण तिच्यामुळे सांगाडे फार हलके झाले. १९३५ साली याच घराण्याच्या कारखान्याने '५३१' या नावाचे मँगनीज-मॉलिब्डेनमचे पोलाद नळ्यांसाठी आणले. ते ब्रेझिंगच्या उष्णतेला चांगले टिके. नॉर्टन कंपनीच्या १९५० सालच्या ज्या शर्यतीच्या मोटारसायकलीला स्वारांनी कौतुकाने 'पिसांची गादी' म्हटले, तिचा सांगाडाही याच नळ्यांचा आणि पितळेच्या जातीच्या डाखाने जोडलेला होता. खोबणी त्यात नव्हत्या. नळीला नळी भिडवून भोवती डाखाची जाड, गोलसर कड घातलेली होती.

सांगाड्याच्या इतिहासातील एक प्रसंग मात्र विशेष सांगण्याजोगा आहे. १९७६ साली रेनॉल्ड्सने '७५३' नावाची नळी काढली. पोलाद इतके कडक आणि भिंत इतकी पातळ, की नेहमीच्या पितळेच्या उष्णतेने तिचे बळ नाहीसे व्हावे. ती चांदीच्या डाखाने, कमी उष्णतेतच जोडावी लागे. मग कारखान्याने असा नियम केला की, ज्या कारागिराला ही नळी हवी असेल त्याने आधी स्वतः जोडलेला नमुन्याचा सांधा पाठवावा. तो मोडून तपासला जाईल आणि पसंत पडला तरच नळ्या मिळतील. पैसे मोजावयास तयार असलेल्या गिऱ्हाइकालाही माल नाकारण्याचा हा रोखठोकपणा व्यापारात क्वचितच आढळतो. त्यामागचे कारण सरळ होते. बिघडलेला सांधा बाहेरून ओळखू येत नाही, आणि तो मोडतो तेव्हा वर कोणीतरी बसलेले असते.

आता हौशी कारागिराचा विचार करावयाचा. ज्याला सुटीच्या दिवसांत स्वतःच्या मापाची सायकल, सायकलीमागे ओढावयाची गाडी, सामानाचा वाहक किंवा दुर्बिणीची तिवई बनवावयाची आहे, त्याच्यापुढे वेल्डिंगची अडचण कोणती? अडचण पातळपणाची आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातील काडीच्या वेल्डिंगने तीनचार मिलिमीटर जाडीचे अँगल उत्तम जुळतात. तीच काडी ०.९ मिलिमीटरच्या नळीला लावली की क्षणात भोक पडते. टंगस्टनच्या टोकाने आणि निष्क्रिय वायूच्या आवरणाखाली होणारे वेल्डिंग पातळ नळ्यांना चालते. १९८० नंतर डोंगरी सायकलींबरोबर ते कारखान्यांत रूढ झाले आणि आज बहुतेक सांगाडे तसेच होतात. परंतु त्याची यंत्रसामग्री महाग आणि हातवळण अवघड. हाताचा किंचित कंप, एका क्षणाची दिरंगाई, आणि नळी वाया गेली. ब्रेझिंग चूक सुधारावयास सवड देते. सांधा वाकडा बसला तर पुन्हा तापवून सरळ करता येतो. वर्षांनंतर एखादी नळी चेपली, तर खोबण तापवून ती नळी ओढून काढता येते आणि दुसरी बसविता येते. वेल्डिंगच्या सांध्यात ही सोय नाही.

तथापि ब्रेझिंग सर्वत्र चालते असे नव्हे. दोन जाड पट्ट्या टोकाला टोक लावून जोडावयाच्या असतील, फाटक किंवा लोखंडी मेज करावयाचे असेल, तर वेल्डिंगच बरे आणि स्वस्तही. चुलीचा किंवा इंजिनाच्या धुराड्याचा भाग, जो वापरात स्वतःच लाल व्हावयाचा, तेथे पितळेचा उपयोग नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याचा डाख त्याहून थोडक्याच अंशांनी आधी. शिवाय तापताना ते रंग बदलत नाही, त्यामुळे नवख्याच्या हातून ते अचानक कोसळते. आणि एकदा पितळ लागलेल्या जागी मागाहून वेल्डिंग करावयास गेल्यास पितळ त्यात मिसळून जोड ठिसूळ होतो. पुष्कळ जुन्या सायकली अशाच दुहेरी दुरुस्तीने कायमच्या बाद झाल्या आहेत.

कामाचा तीन चतुर्थांश भाग ज्योत पेटविण्यापूर्वीच संपतो, हे हौशी माणसाला पटवून देणे सर्वांत कठीण. नळीचे टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईला बसेल असे, माशाच्या उघड्या तोंडाप्रमाणे कापावे लागते. कागदाचा आकार काढून तो नळीभोवती गुंडाळावा, रेघ आखावी, करवतीने कापून अर्धगोल कानशीने घासावे. नळ्या भिडवून उजेडाकडे धरल्यावर फटीतून प्रकाश दिसता कामा नये. मग गंज, तेल, रंग आणि घडणीची काळी पुटे आतून-बाहेरून घासून धातू पांढरा करावा आणि त्यानंतर तेथे बोट लावू नये. बोटाचे तेलदेखील डाखाला अडविते. सांगाडा सपाट पृष्ठावरील फर्म्यात आवळून, गुण्या लावून, आधी दोनचार ठिकाणी थेंब टाकून पक्का करावा, पुन्हा मोजावा आणि मगच सांधे भरावेत.

ज्योतीचे वळण एका वाक्यात सांगता येते, पण हातात यावयास महिने लागतात: काडी तापवावयाची नाही, नळी तापवावयाची. नवशिका काडीच ज्योतीत धरतो. काडी वितळते, थेंब थंड पोलादावर पडून तसाच चिकटून राहतो आणि पाहणाऱ्याला सांधा झाल्यासारखा वाटतो. ज्योत सारखी फिरती ठेवून खोबण आणि नळी दोन्ही समान तापवाव्या; खोबण जाड असल्याने तिला अधिक उष्णता लागते. टाकणखार काचेसारखा नितळ झाला आणि पोलादावर लाल रंग चढला की काडी सांध्याला टेकवावी. ती सांध्याच्या उष्णतेनेच वितळली पाहिजे. वितळलेला धातू नेहमी अधिक तापलेल्या बाजूकडे धावतो. म्हणून एका काठाने पितळ घालावे आणि ज्योत दुसऱ्या काठाकडे न्यावी. पलीकडच्या काठावर सोनेरी रेघ उमटली की पितळ आरपार गेल्याची ती खूण. चांदीचा डाख महाग असला तरी कमी तापमानामुळे नवख्याला सोपा जातो. त्याला टाकणखाराऐवजी फ्लोराइडयुक्त लेप लागतो, कारण इतक्या कमी उष्णतेत टाकणखार वितळतच नाही. मात्र फट रुंद असेल तर चांदी ती भरीत नाही. तेथे पितळच हवे. उलट, पोलाद नारिंगी होईपर्यंत तापवून तेथेच ज्योत रेंगाळू दिली, तर पोलादाचे कण जाड होतात, पितळेतील जस्त धूर होऊन उडून जाते आणि नळी ताणाखाली असेल तर वितळलेले पितळ पोलादाच्या कणांमधील सीमांत शिरून तेथे चिरा पाडते. या चिरा रंगाखाली वर्षभर झोपून राहतात.

धुराविषयी थोडे कठोरच बोलले पाहिजे. जस्त ९०७ अंशांना उकळते. त्याचा पांढरा धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. जस्ताचा मुलामा दिलेले पाण्याचे पाइप स्वस्त मिळतात म्हणून वापरणाऱ्यांना हा अनुभव हटकून येतो. मुलामा पुरता काढल्याशिवाय अशा पाइपाला ज्योत लावू नये. याहून भयंकर कॅडमियम. चांदीचा डाख सहज वितळावा व वाहावा म्हणून त्यात कॅडमियम घालण्याची रीत अनेक दशके होती. ते ७६७ अंशांनाच उकळते, त्याचा धूर डोळ्यांना फारसा जाणवत नाही आणि फुप्फुसे व मूत्रपिंडे यांचा तो घात करतो. युरोपीय संघाने असा डाख २०११ साली विक्रीतून जवळजवळ हद्दपार केला. जुन्या दुकानांतून आणि जुन्या पेट्यांतून त्याच्या कांड्या अद्यापि निघतात. डाख विकत घेताना तो कॅडमियमविरहित आहे अशी खात्री करून घ्यावी आणि लेबल नसलेली कांडी फुकट मिळाली तरी टाकून द्यावी.

वायूंचेही तेच. ॲसेटिलीन दाबाखाली मोकळे ठेवले तर स्वतःच फुटते. म्हणून ते सिलिंडरमध्ये ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवतात आणि नळीत त्याचा दाब वातावरणाच्या एकपटीहून वर जाऊ देत नाहीत. प्राणवायूच्या चावीला तेल किंवा ग्रीस लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. स्वयंपाकघरातला घरगुती सिलिंडर या कामाला जोडणे कायद्यालाही धरून नाही आणि शहाणपणालाही नाही. छोट्या नळ्यांना चांदीचा डाख द्यावयाचा असेल, तर प्रोपेनची हवेवर चालणारी फुंकणी पुरते; भोवती भाजक्या विटांचा आडोसा केला की उष्णता वाया जात नाही. आणखी एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. दोन्ही टोकांनी बंद झालेल्या नळीतील हवा तापून फुगते व वितळलेला डाख बाहेर फेकते, प्रसंगी नळीही फुटते. प्रत्येक बंद नळीला आतल्या बाजूस बारीक छिद्र पाडून ठेवावेच लागते.

सांधा थंड झाल्यावर त्यावर टाकणखाराची काच राहते. ती गरम पाण्यात भिजवून खरवडून काढावी. चांदीच्या डाखाचा लेप ऊन पाण्यात लवकर सुटतो. तो तसाच ठेवला तर रंगाखाली गंज धरतो. शिवाय पुष्कळदा त्या काचेनेच भोक बुजलेले असते आणि ती निघाली की रिकामी जागा उघडी पडते.

सायकलीच्या सांगाड्याला हात घालण्यापूर्वी निदान वीसपंचवीस सांधे भंगारातील नळ्यांवर करून पाहावेत आणि ते सर्व मोडावेत, अशी जुन्या कारागिरांची शिस्त असे. तीत अतिशयोक्ती मुळीच नाही. सांधा व्हाइसमध्ये धरून नळी वाकवावयाची. खोबणीबाहेर नळीच दुमडली तर सांधा खरा, खोबणीतून नळी उपटून आली तर खोटा. दुसरा सांधा करवतीने उभा चिरावयाचा. चिरल्यावर पोलादाच्या दोन करड्या भिंतींमध्ये अखंड पिवळी रेघ दिसली तर ठीक. मध्ये काळे खंड दिसले तर तेवढ्या जागी पुटे राहिली होती किंवा ज्योत पोहोचली नव्हती. पहिल्या पाचसहा सांध्यांत काळे खंड दिसतातच. पुढच्या सांध्यांत ते कमी होत जातात, आणि सलग चारपाच सांधे चिरल्यावर एकही दिसला नाही, म्हणजे सांगाड्याच्या नळ्या कापावयास घ्याव्यात. चिमट्याचा सांधा मात्र तेव्हाही शेवटीच करावा.